गियर साथे

दरजीपुऱ्याच्या ऑफिसात खिडकी नंबर चार.
आत एक मुलगा, गळ्यात ओळखपत्राची दोरी,
म्हणाला, "माशी, रिन्यू झालं. बघून सही करा."
मी चष्मा बदलला.
कागदावर कार होती. तेवढीच होती.

"आणि मोटरसायकल?"
"ती जुन्या डायरीत राहिली असेल."
डायरी होती पिशवीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली.
फोटोत मी बावीस वर्षांची,
शिक्का अर्धा कागदावर, अर्धा गालावर,
खाली कुणा साहेबाचं तिरकं गुजराती अक्षर:
गियर साथे.

"इथं तर इंगळे लिहिलंय. तुम्ही शिर्के."
"बाई तीच आहे."
तो हसला. "पण माशी, हवे क्यां चलावशो?"

कुठे चालवणार, मलाही ठाऊक नाही.
राजदूत विकून एकोणीस वर्षं झाली,
डभोईचा दूधवाला घेऊन गेला, कॅन लटकवायला.
गुडघ्याचं मी डॉक्टरला सांगितलंच नाही,
त्यानंही फक्त डोळे तपासले.

तेव्हा परीक्षेला आठचा आकडा काढायचा असे.
पुरुषांना एकदा, मला तीनदा लावला.
चौथा मी आपणहून काढला.
मग चांदोद, करनाळी, मधली सगळी गावं,
पदर खोचून वीज मंडळाचे मीटर वाचत.
कुत्र्यांना माझा हॉर्न पाठ.
लग्नानंतर भालचंद्र मागे बसायचा, मांडीवर भाजी.
रावपुऱ्यात लोक हसायचे,
तो त्यांना हात करायचा.

मुलाला यातलं काही सांगितलं नाही. मागे रांग होती.
एवढंच म्हटलं,
"नवं काही मागत नाही रे. होतं ते गाळू नकोस."

तो उठून साहेबाकडे गेला. साहेब जेवायला गेलेले.
दीड ते सव्वातीन मी पंख्याखाली,
शेजारी एक पोरगा लर्निंगचे प्रश्न घोकत होता.
त्याचे दोन चुकले, मी सांगितले.

मग कागद आला. एक ओळ जास्त.
मी ती बोटानं वाचली, मीटर वाचायचे तशी,
आकडा चुकू नये म्हणून दोनदा.

परतताना गोल्डन चौकडीला ट्रक अडलेले.
रिक्षावाला हातानं गियर शोधत होता, सापडेना,
आणि माझा डावा पाय
चपलेतल्या चपलेत
खाली दबला.
गुडघा ठणकला. रिक्षा निघाली.