तिसऱ्या मजल्यावर कुप्पा

वेरावळहून रात्रीच्या गाडीने आलेला,
थर्माकोलच्या पेटीत, बर्फ निम्मा वितळलेला.
फतेगंजचा रझाकभाई म्हणाला, "ताई, लाल असेल तरच घ्या.
तपकिरी झाला की अंगाला खाज."
बोटाने दाबून पाहिलं. खड्डा भरून आला.
चार तुकडे, दोन वर्तमानपत्रांत, वर मेथीची जुडी.

जिन्यात जसुबेन भेटल्या. मेथीकडे पाहून हसल्या.
"थेपलां?"
"हो," म्हटलं. पिशवी खालून ओली होत होती.

आधी खिडक्या. मग मिठाचं पाणी.
कुप्प्याला रक्त फार; पापलेटासारखा तो पांढरपेशा नाही.
तीनदा पाणी बदललं तरी गुलाबीच.
मधला काळा पट्टा
लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी कापून टाकायचे;
मामंजी म्हणाले होते, टाकू नको गं,
चव तिथेच असते, आणि भांडणही.

आगळ संपलं होतं. लिंबू चोळलं, हळद, तिखट.
लसूण ठेचला खलाखाली फडकं घालून,
आवाजालाही वास असतो म्हणून.

मामंजी बाहेर, टीव्हीसमोर.
मार्गशीर्षातल्या तापापासून त्यांना कसलाच वास येत नाही.
हिंगाची डबी धरली नाकाशी, कापूर धरला,
एकदा तर रॉकेलचा बोळा.
"नाही गं," म्हणतात,
दार उघडून पाहावं आणि बाहेर कोणी नसावं, तसं.

तव्यावर तुकडा ठेवला. पांढरेपणा कडेने वर चढत गेला,
विश्वामित्रीच्या पुराची रेघ भिंतीवर चढते तसा.
मधे बोटभर गुलाबी उरला की उतरवायचा.
क्षणभर उशीर, की खडू.

दाराच्या फटीला पायपुसणं लावलं होतं,
तरी गेलाच असेल वास खाली,
पाण्याच्या टाकीपर्यंत, वॉचमनच्या खुर्चीपर्यंत.
साऱ्या सोसायटीला आला असेल.
एक माणूस सोडून.

ताट पुढे ठेवलं. त्यांनी तुकडा बोटांनी मोडला,
पाकळी सुटली, दुसरी सुटली.
"कुप्पा," म्हणाले. बोटांकडेच बघत.
मग घास. मग बराच वेळ काही नाही.
बातम्या संपल्या, जाहिराती लागल्या.
"मीठ कमी पडलंय."

मी बरणी आणायला उठले.
स्वयंपाकघराची खिडकी उघडली, सताड.
खाली जसुबेन दोरीवरचे कपडे काढत होत्या.
त्यांनी वर पाहिलं.
मीही हलले नाही.
मेथी ओट्यावर तशीच होती, बांधलेली.