उद्दिष्टांचा रकाना

केंद्रप्रमुखांच्या तक्त्यात एक रकाना रिकामा :
तंत्रज्ञान वापराची उद्दिष्टे.
मी लिहिलं, टॅब चार, चालू दोन.
खोडलं.

संखच्या पुढं रेंज सुटते.
माळावर पवनचक्की गरगर फिरते,
वीज तिची दुसऱ्याच गावाला.

शिवलीला बिरादार, तिसरी.
घरी कन्नड, वर्गात गप्प.
परवा टॅब घेऊन चिंचेखाली गेली,
धडा वाचला, एकटीनंच,
आणि लावून ऐकला.

"बाई, हा आवाज यारदु?"
"तुझाच की गं."
पुन्हा लावला. पुन्हा.
बॅटरी सात टक्क्यांवर आली तरी
मला मागवेना.

आता रकान्यात एवढंच आहे :
शिवलीलाला शिवलीला ऐकू यावी.
साहेब म्हणतील, हे मोजायचं कशात?

सोमवारी घरचा चार्जर न्यायचाय.