परतीचा वेग

इयोलोनं फोर्क टेबलावर ठेवला डाव्या हातानं.
उजवा गळ्यात बांधलेला,
हासळीचं हाड दोन ठिकाणी.
म्हणाला, "एल्युनेड, दगडावर आदळल्याचं आठवतच नाही.
आदळून वर आल्याचं आठवतं.
आधी हँडल वर, त्याच्यामागून मी."

एवढ्यावरून कळायला हवं होतं.
पण डॉक्टर सगळं ऐकूनही स्टेथोस्कोप लावतोच,
तशी मी आधी हवा मोजली. बहात्तर. वजनाला बरोबर.
मग तळाची लाल खुंटी:
एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं,
मधे बारा टिकटिका.
प्रत्येक टिकटिकेला अंगाचा भार टाकून दाबलं, सोडलं.
कुठंही ठेवा, ससाच.

बाहेर ब्लायनाइची नोव्हेंबरातली रात्र, दुपारी चारची.
पाटीच्या दगडाचे ढीग ओले, काळ्याहून काळे.

बोल्ट अर्धे सोडले, रबरी हातोडीचा एकेक टोला,
नळ्या निसटल्या. तेल आलं ते
कपाच्या तळाला उरलेल्या चहासारखं,
पण तो गुन्हा नव्हे, वय.
डॅम्पर काढून कानाशी धरला, दांडा हळूच आत लोटला.
हवा शिरली असेल तर गुरगुरतो.
गुरगुरला नाही.
पाणी कुठं मुरतंय, कळेना.

ग्विलिम, ज्याच्याकडून हे दुकान घेतलं मी,
तीस वर्षं खाणीत पाट्या चिरलेला, म्हणायचा,
"धक्का काय, वीटसुद्धा खाते.
आपण पैसे घेतो ते परतीच्या चालीचे."

दट्ट्या शेगड्याच्या मऊ जबड्यात धरला, नट सोडला.
चकत्या. अकरा. नखाहून पातळ.
निघाल्या तशा टोच्यावर ओवत गेले, क्रम मोडू न देता.
मोठी दट्ट्याला टेकून हवी,
तिच्यावर लहान, तिच्यावर आणखी लहान,
उतरंड रचावी तशी.
ही उतरंड उलटी होती.
सगळ्यात चिमुकली चकती दट्ट्याशी,
आणि तेलाला रान मोकळं.

"कुणी केलं हे?" मी मोठ्यानं.
इयोलो हीटरपाशी, बिस्किट चहात बुडवत:
"तुझ्याशिवाय कुणाकडे देतो मी?
जूनपासून जरा उडतोच आहे तो.
मला वाटलं, मलाच जमायला लागलं."

नळी फिरवली.
निळ्या मार्करनं, माझ्या अक्षरात, चौदा जून.
खाली माझी सही, शेपटीसकट.

चौदा जून. आई त्या महिन्यात इस्पितळात होती,
पण ते चौदाला की चोवीसला?
त्या दिवशी फोन वाजला असेल, कुणी आत आलं असेल,
पोस्टमन, पाऊस...
मग लक्षात आलं, मी काय शोधतेय.

"इयोलो, मीच."
त्याला कळेना. टोचा दाखवला.
डाव्या हाताच्या दोन बोटांत त्यानं एक चकती धरली,
दिव्यासमोर नेली. "एवढीशी?"
"एवढीशीच."
चालायचंच, असं तो म्हणाला नाही.
म्हणेल असं वाटलं होतं मला.

पुन्हा रचल्या. मी मोजल्या, त्याला मोजायला लावल्या.
नट ठरल्या जोराइतकाच, केसभर जास्त नाही.
नवं तेल काठोकाठ, दांडा वर, दांडा खाली, सावकाश;
घाई केली की फेस होतो.
बुडबुडे येत राहिले. मग एकेक. मग एकच, बराच उशिरा.

सगळं जोडून दाबलं, सोडलं.
झोपल्या मुलाच्या मानेखालून हात काढून घ्यावा,
तसा वर आला.

बिलावर शून्य लिहिलं. तेलाचे पैसे त्यानं तरी ठेवले,
नाणी मोजून, एका हातानं, वेळ लावत.

तो गेल्यावर वही काढली.
जूनचं पान, चौदाच्या आसपास
आणखी चार फोर्क.
आंघारद, डोंगराच्या शाळेतली.
मेर्फिन. त्याचा धाकटा.
एक नाव पुसट, वाचता येईना.

आंघारदचा नंबर फिरवला.
घंटी वाजत राहिली.