बिजागऱ्या

एप्रिलमध्ये मी तिच्या खोलीचं दार काढलं.
चार स्क्रू वरच्या बिजागरीचे, चार खालच्या.
माझा धंदाच तो. पुंता अरेनासमधल्या कितीतरी घरांची दारं
मी बसवलेली, वाऱ्याला फट सापडू नये अशी.
काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत.
तिच्या बाहीखालचं मला दिसलं होतं
आणि हातांना दुसरं काही सुचलं नाही.

दांका काहीच बोलली नाही.
भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.
मी रात्री पाणी प्यायला उठायचो,
दोनदा, तीनदा,
तहान नसताना.

दर गुरुवारी ओयार्सून बाईंकडे.
बाहेरच्या बाकावर मी, पन्नास मिनिटं, कोट न काढता.
परतताना गाडीत विचारायचो:
काय म्हणाल्या? तू काय सांगितलंस? माझ्याबद्दल काही?
ती खिडकीतून सामुद्रधुनी बघायची,
जणू तिथे एखादं जहाज यायचं होतं.

सहाव्या गुरुवारी बाईंनी मलाच आत बोलावलं.
मला वाटलं, आता हिशेब.
त्यांनी विचारलं, पंधरा वर्षांचे होतात तेव्हा
रडायला कुठे जायचात?
आमच्यात रडत नसत, मी म्हटलं.
त्या थांबल्या. घड्याळाकडे बघितलं नाही.
मग आठवलं: वडिलांची शेड, लोकरीच्या गासड्यांमागची जागा,
आतून कडी लावून...
कडी, असं म्हटलं
आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

दार परत लावू का?
ते तिला विचारा, बाई म्हणाल्या.
आणि ब्लेड, कात्र्या, औषधं कुलपातच राहू द्या.
ते वेगळं. दार वेगळं.

त्या दिवशी वारा असा, की चौकात दोर बांधलेले,
लोक धरून धरून रस्ता ओलांडत होते.
दांकानं दोर धरला, माझा हात नाही.
मी दोन पावलं मागे.
गाडीत काही विचारलं नाही.
घर जवळ आल्यावर तीच म्हणाली,
आज रेडिओ लावला नाहीस.

शनिवारी दार गॅरेजमधून आणलं.
तिनं खालून उचलून धरलं, मी स्क्रू पिळले.
घासतंय, ती म्हणाली.
खरंच घासत होतं, ओलीनं फुगलेलं.
पुन्हा उतरवलं. रंधा मारला.
किती काढू?
अजून थोडं.
लाकडाची एक कुरळी साल उचलून
ती बोटाला गुंडाळत राहिली,
बाही कोपरापर्यंत सरकली तरी
खाली ओढली नाही.
मी रंध्याकडे बघत राहिलो.

मग तिनं दार लावलं. आतून.
मी बाहेर, हातात स्क्रूड्रायव्हर.

पापा, तू अजून तिथेच आहेस ना?
नाही, मी म्हटलं.

ती हसली असावी.
नक्की सांगता येत नाही;
मी बसवलेल्या दारातून
बारीक आवाज बाहेर येत नाहीत.