घंगाळ

कुहमोला ओइवाच्या दुकानात जस्ताचं घंगाळ आहे.
बूट चढवायचे आणि त्यात उभं राहायचं
त्याची कॉफी उकळेपर्यंत. हीच गॅरंटी.

तुइरे तिसरा जोड घालून उभी.
शनिवारी मूसचा हंगाम उघडतो.
गेल्या वर्षीचे टाचेपाशी उलले,
दलदलीने दिवसभर तिचे मोजे चोखले.

“चामड्याचे घेऊ की रबराचे?”
“चामडं चरबी मागतं, दर रविवारी. देशील?”
ती हसते. चुलीला टेकवून वाळवत
तिनेच तर मागचे मारले होते.

शिवण बोटाने चाचपते. तळ वाकवून बघते.
जाड मोज्याला जागा हवी,
अंगठ्यापुढे एक करंगळी.

घंगाळ शांत. आत कोरडं.
ओइवा कपातून मान वर न काढता म्हणतो,
“पाणी आत न घेणारा बूट
आत गेलेलं सोडतही नाही, पोरी.
मांडीभर खड्ड्यात गेलीस
तर बस खाली, पाय वर कर, ओत.
लाजायचं काय त्यात,
कुत्रा बघेल तेवढाच.”

ती पैसे मोजते, जुने तिथेच ठेवते.
घंगाळापासून दारापर्यंत
ओल्या पावलांची रांग.
पुढे दिसत नाहीत;
बाहेर आधीच सगळं ओलं.