पुठ्ठा

लिफ्टशेजारी सेक्रेटरी चुरींची नोटीस लागली:
नव्या पेव्हर ब्लॉकवर तेलाचे डाग पाडणाऱ्या सभासदाने –
नाव नव्हतं.
जुनी गाडी बिल्डिंगीत एकच आहे.

त्या रात्रीपासून फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा
मी इंजिनाखाली सरकवते
आणि सकाळी खाली येऊन वाचते.
सोमवारी सात थेंब. मंगळवारी नऊ, शिवाय एक ओघळ.
बुधवारी मोजणं सोडलं.

जोगेश्वरीच्या चकचकीत गॅरेजात
मला एसीत बसवून मुलगा म्हणाला,
मॅडम, मागचा सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवायचा. अठरा हजार.
मोबाईलवर फोटो दाखवला:
बेलहाउसिंगच्या टोकाला लोंबणारा थेंब. पुरावाच.
एकतीस वर्षांच्या वन-एटीनमध्ये एवढे घालायचे का,
हे तो बोलला नाही.
त्याचं पेन टेबलावर टकटक करत राहिलं.

कलिन्यात इनास मिस्त्रीने फोटो पाहिलाच नाही.
"पडतं कुठं ते पुठ्ठा सांगतो.
गळतं कुठं ते इंजिनला विचारायचं. आधी त्याला आंघोळ घाला."
डिझेल, दाढीचा ब्रश, फाटकी बनियन.
दहा वर्षांची काळी साय निघाली
आणि खाली इंजिनाचा नंबर,
जो मी आरसी बुकाबाहेर कधी पाहिला नव्हता.
मग वेलंकनीच्या तसबिरीमागून
त्याने बेबी पावडरचा डबा काढला,
नातीचा, ती आता कॉलेजात आहे.
इंजिन हौशी नाटकातल्या म्हाताऱ्यासारखं पांढरं झालं.

"जावा, विद्यापीठाच्या गेटापर्यंत,
वाकोला पुलाखालून परत या.
सिग्नल लागला तर बरंच."

परत आले. बॉनेट, टॉर्च, एक दाढीचा आरसा.
पांढऱ्यावर एकच वाट, करडी, बोटाएवढी:
वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघून
ब्लॉकच्या पाठीवरून,
कुणी बघत नाही त्या बाजूने,
खाली, खाली, बेलहाउसिंगपर्यंत.
तिथे पोचून ती थेंब झाली होती.

टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग.
काढलं तर हातात तुकडे, सादळून वाळलेल्या बिस्किटाचे.
कव्हर त्याने काचेवर ठेवलं. डुगडुगलं.
"कुणी आवळलं एवढं?"
मी.
दिवाळीत, पान्याला पाइप लावून.
गळत होतं म्हणून आवळलं,
जास्त गळलं, म्हणून अजून.
तो काही बोलला नाही.
लाकडी हातोडीने पत्र्याची कड सरळ करत बसला,
दोन ठोके, काच, दोन ठोके, काच.
मग ब्रीदरची नळी काढून फुंकली. फुंकर पलीकडे जाईना.
"ह्याला श्वास टाकायला वाट ठेवली नाय तुम्ही.
मग ते मिळंल तिथनं टाकतं."

पॅकिंग दोनशे चाळीस.
मजुरी चहा संपल्यावर ठरली.
बोल्ट त्याने मलाच लावायला दिले:
मधून सुरू, मग आलटून पालटून,
दोन बोटांनी, मनगट नको.
माझं मनगट ऐकत नव्हतं.
तीनदा सैल करायला लावलं.

पहिल्या सकाळी पुठ्ठा कोरडा.
दुसऱ्या सकाळीही. जुने डाग तेवढे,
त्यांच्या तारखा मला पाठ.
तरी मी खाली येत राहिले,
आलेलं नसलेलं पत्र बघायला येतात तशी.

सहाव्या सकाळी एक थेंब.
पोटात धस्स झालं.
वाकून बोट लावलं. हिरवा, पातळ, वास गोडसर.
कूलंट.
माझ्या गाडीत नळाचं पाणी आहे.
पुठ्ठ्याच्या अगदी कडेला पडलेला,
जिथे चुरींच्या आठ महिन्यांच्या गाडीचं नाक येतं.

नोटीस अजून लिफ्टशेजारी आहे,
एक पिन निघालीय.
मी पुठ्ठा पायाने सरकवला,
अर्धा त्यांच्या बाजूला.
वर दाराला दुधाची पिशवी लटकत होती.