शंभरच्या पुढे

आईने मला विकलं नाही,
हे आधी लिहून ठेवतो.
सोपवलं.
मालक अहियाबोर म्हणाला होता, पोरगं माझ्याकडे शाळेत जाईल,
चार वर्षांनी परत धाडताना
सोबत शिलाई मशीन देईन.

व्होल्टा तलावाच्या पोटात एक जंगल उभं आहे.
धरण बांधलं तेव्हा झाडं तोडायची राहून गेली.
पान नाही, पाखरू नाही, नुसती खोडं.
जाळी त्यांना अडकतात
आणि सोडवायला बोटं लहान लागतात.
मी सात वर्षांचा होतो.
बोटं तयारच होती.

खाली काही दिसत नाही.
हातांनी बघायचं, आणि मोजायचं.
मोजायला याओने शिकवलं,
तो माझ्याहून एका हंगामाने जुना.
वीसला कान ठणकतात.
चाळीसला छाती भांडायला लागते.
साठला बोटं आपली राहत नाहीत.
ऐंशीला आई दिसते, तिच्याकडे बघायचं नाही.
शंभरला वर.
गाठ सुटो न सुटो, मार बसो न बसो, वर.

याओ एकदा शंभरला आला नाही.
ते जाळं दुसऱ्या दिवशी मालकाने
माझ्याकडून सोडवून घेतलं.

मी तिथून कसा सुटलो, यात सांगण्यासारखं काही नाही.
ताप होता. बाजाराची होडी होती.
धुरावलेल्या मासळीच्या टोपल्यांमागे
एका बाईने मला बसू दिलं
आणि उतरेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

तेराव्या वर्षी पहिलीत बसलो.
गुडघे बाकाखाली मावेनात.
अक्पेने बाई म्हणाल्या, मोजता येतं का रे?
मी डोळे मिटले, श्वास कोंडला,
आणि एका दमात शंभरपर्यंत गेलो.
मग धापा टाकत बाक धरला.
वर्ग खिदळला.
बाई म्हणाल्या, पुढे?
म्हटलं, पुढे मरतात.

बाई काही बोलल्या नाहीत.
खडू घेतला, फळ्यावर लिहिलं: १०१.
एक.
मग एक भोक, वाटोळं, शांत,
जसं पाणी मिटण्याआधी दिसतं.
आणि त्याच्या पलीकडे पुन्हा एक,
ताठ उभा.
त्या दिवशी मला दुसरं काही शिकवलं असेल तर
मला आठवत नाही.

आता माझीही एक होडी आहे. इंजिन कुरकुरतं.
गावोगाव जातो, मालकांसमोर बसतो,
त्यांची गारी खातो, त्यांची गाऱ्हाणी ऐकतो.
ते म्हणतात, हा माझा भाचा.
कधी कधी तो खरंच भाचा असतो.
आजवर एकोणीस पोरं आणली.
दोन परत गेली.
का गेली विचारू नका, मला माहीत आहे.

पहिला आठवडा अक्षर नाही, पाटी नाही.
काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात
मी त्यांना पाठीवर तरंगायला लावतो.
पोट वर, कान पाण्यात, डोळे ढगांकडे.
ती पुन्हा पुन्हा विचारतात,
काय काढून आणायचं?
काही नाही, म्हणतो.
विश्वास बसायला कुणाला चार दिवस लागतात,
दझिफाला महिना लागला.

पहिल्या पगारात मी आईला मशीन नेऊन दिलं.
ती त्याच्या चाकावरून हात फिरवत राहिली,
माझ्याकडे बघायचं टाळत.
रात्रभर खडखड ऐकू येत होती.
सकाळी तिने माझ्या हातात एक सदरा ठेवला,
निळा, दोन खिशांचा,
सात वर्षांच्या मुलाच्या मापाचा.

तिला तेवढंच माप माहीत होतं.

सदरा शाळेत खिळ्याला असतो.
नवं पोर आलं की त्याला घालतो.
दंडात काचायला लागला
की ते स्वतःच काढून ठेवतं,
घडी करून,
पुढच्यासाठी.